चंगाई सभेच्या प्रार्थना-टीममध्ये बसण्याआधी

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

मंडळीने पुढच्या महिन्यातल्या चंगाई सभेसाठी प्रार्थना करणाऱ्यांच्या टीममध्ये तुझं नाव घातलं. त्याच सुमारास बिबवेवाडीच्या सेमिनरीत शिकणाऱ्या तुझ्या मित्राने सांगितलं की आरोग्यदानं, म्हणजे आजाऱ्यांना बरं करण्याची देवाने दिलेली दानं, प्रेषितांबरोबरच (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांबरोबरच) संपली, आता हे सगळं थोतांड. कुणाचं खरं मानायचं, असं तू विचारलंस. वाद समजून घेतलास तर सभेत हात कुठे ठेवायचा आणि तोंड कुठे बंद ठेवायचं, हेही आपोआप कळेल. म्हणून आधी वाद.

तुझा मित्र जे बोलतो त्याची सगळ्यात नेटकी मांडणी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी 1918 साली केली. चमत्कार ही प्रेषितांची ओळखपत्रं होती, शुभवर्तमानावर शिक्का बसला आणि त्यांचं काम झालं, असं ते म्हणत. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घे. देव आज कुणाला बरं करत नाही, असं वॉरफिल्ड म्हणत नव्हते. ‘बरं करण्याचं दान’ एखाद्या माणसाच्या हाती आहे, एवढंच ते नाकारत होते. दुसरी बाजू 1 करिंथ 12 कडे बोट दाखवते: दानांच्या यादीत आरोग्यदान आहे आणि त्यावर मुदत लिहिलेली नाही. 13 व्या अध्यायातलं ‘पूर्ण ते येईल तेव्हा’ म्हणजे शास्त्र (बायबल) लिहून पूर्ण होणं की ख्रिस्ताचं पुन्हा येणं, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण पुढच्याच ओळींत ‘समोरासमोर’ पाहण्याची गोष्ट आहे.

आणि हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला केडगाव दाखव. पुण्याहून तासा-दीड तासावर, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन झालं, म्हणजे प्रार्थनेची आणि विश्वासाची नवी लाट आली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची पेन्टेकॉस्टल चळवळ, जिच्याकडे सगळे बोट दाखवतात, ती त्यानंतरच्या वर्षीची. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली आईच्या हयातीतच गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांच्या घरात प्रार्थना कमी होती, असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल का?

खरी गडबड तिसऱ्या शिकवणीत आहे. तिचं म्हणणं असं: यशया 53:5 प्रमाणे त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो, म्हणजे शरीराचं आरोग्य वधस्तंभावर विकत घेतलेलं आहे, ते आज मागायचं, मिळालंच म्हणून तोंडाने कबूल करायचं आणि नाही मिळालं तर विश्वास कमी. एकोणिसाव्या शतकात बोस्टनचे ए. जे. गॉर्डन आणि न्यूयॉर्कचे ए. बी. सिम्प्सन यांनीही प्रायश्चित्ताचा (ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या बलिदानाचा) आणि आरोग्याचा संबंध जोडला होता, पण पुढे विसाव्या शतकात त्याची जी हमी बनली ती शास्त्रात बसत नाही. मत्तय 8:17 यशयाचा 53 वा अध्याय आजारांना लावतो हे खरं, पण 1 पेत्र 2:24 तो पापांना लावतो. शिवाय पुनरुत्थानही वधस्तंभानेच मिळवलेलं आहे, तरी आज कुणी मरायचं राहत नाही. मिळवलेलं सगळं आजच हाती येतं असं नाही. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवूनच पुढची वाट धरली (2 तीमथ्य 4:20), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, एपफ्रदीत मरता मरता वाचला आणि पौलाच्या स्वतःच्या देहातला काटा तीनदा विनवूनही गेला नाही.

आता याकोब 5:14-15 उघड आणि सावकाश वाच, कारण तुझं सगळं काम या दोन वचनांत आहे. दुखणाईत कुणाला बोलावतो? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना. तेल कोण लावतं, प्रार्थना कोण करतं? वडील. मग ‘विश्वासाची प्रार्थना’ कुणाची? प्रार्थना करणाऱ्यांची. खाटेवर पडलेल्या माणसाच्या विश्वासाचं माप तिथे काढलेलंच नाही. योहान 5 मधल्या बेथेस्दाच्या माणसाला तर आपल्याला बरं करणारा कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. म्हणून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधीही, कुणाच्याही बाबतीत निघू देऊ नकोस. कॅन्सरने खंगलेल्या बाईला ते वाक्य ऐकवणं म्हणजे तिच्या दुखण्यावर दोषही लादणं. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं, आणि देवाने राग त्यांच्यावर केला.

सभेत प्रत्यक्ष काय करायचं ते आता सांगतो.

एका दुखणाइतापाशी दोघांनी बसा, बाईपाशी निदान एक तरी बाई हवी. आधी नाव विचार, मग काय त्रास, कधीपासून, औषध काय चालू आहे, डॉक्टर काय म्हणाले. यात दोन मिनिटं जातात आणि ती फुकट जात नाहीत, कारण निम्म्या वेळा माणूस गुडघ्यासाठी उठून येतो आणि सांगतो मुलाच्या दारूबद्दल. हात ठेवण्याआधी विचार. खांद्यावर किंवा डोक्यावर, हलकेच, दाब न देता. कपाळावर तळहात ठेवून मागे रेटलं की माणूस पडतोच, त्यात आत्म्याचं काही नाही. म्हातारी माणसं अशी पडली की खुब्याचं हाड मोडतं. तेल बोटाच्या टोकापुरतं, कपाळावर. जखमेवर नको, डोळ्यांत नको, प्यायला तर मुळीच नको. बाटल्या भरून विकणं कुणी सुरू केलं तर तू तिथून उठ. आवाज चढवू नकोस. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची पुरे, आणि शेवटी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणायला लाजू नकोस. काही लोक त्याला अविश्वास म्हणतात, पण मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तेच म्हटलं.

प्रार्थना झाली की ‘आता वाका बघू’, ‘पट्टा काढा’, ‘चष्मा फेका’, ‘खुर्चीतून उठा’ असं काही करायला लावायचं नाही. पुष्कळ व्हीलचेअरवाले थोडं चालू शकतात, दमतात म्हणून खुर्ची वापरतात. काही सभांत तर दारातच दमलेल्या माणसाला खुर्ची दिली जाते आणि मग तो उठला की टाळ्या पडतात. पाय लांब झाल्याचा प्रकारही ओळखून ठेव: माणसाला खुर्चीवर बसवून दोन्ही टाचा हातात धरल्या की कंबर किंचित वळवून किंवा एका बुटाची टाच सैल ओढून अर्धा-एक इंचाचा फरक घालवता येतो. 1986 साली अमेरिकेत चंगाई सभा घेणारे प्रचारक पीटर पॉपऑफ यांचं ‘देवाने मला तुमचं नाव सांगितलं’ हे कसं चालतं ते जादूगार जेम्स रँडी यांनी उघड केलं. पॉपऑफ यांच्या कानात रेडिओ होता आणि त्यांची बायको लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनाकार्डांवरची माहिती 39.17 मेगाहर्ट्झवर वाचून दाखवत होती. आपल्याकडेही कार्डं भरून घेतात. ती व्यासपीठावर जाता कामा नयेत. आणि पाचशेंच्या गर्दीत ‘इथे कुणाला तरी पाठदुखी आहे’ हे सांगायला प्रकटीकरण लागत नाही.

प्रत्येकाला उठण्याआधी एक वाक्य न चुकता सांग: ‘गोळ्या चालू ठेवा, डॉक्टर बंद करतील तेव्हाच बंद करा.’ हे इतकं का, ते समजून घे. टीबीच्या साध्या उपचारालाही सहा महिने लागतात, पण ताप-खोकला काही आठवड्यांतच उतरतो. नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं, बरा झालो. गोळ्या सुटल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊन परतू शकतात आणि घरातल्या पोरांनाही तोच टीबी लागू शकतो. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्याने ते थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. फिट्सच्या गोळ्या एकदम तोडल्या तर न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. एचआयव्हीच्या बाबतीत फसगत वेगळी असते: नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असं येतं, तो कागद हातात घेऊन लोक साक्ष द्यायला येतात. ते औषधाचं यश आहे. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. अशा माणसाचं नाव किंवा रिपोर्ट त्याच्या लेखी संमतीवाचून बाहेर काढायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याची मनाईही आहे. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं दिसलं तर प्रार्थना ॲम्ब्युलन्सची वाट बघताना कर, पण आधी 108 ला फोन लाव.

वेडाचे झटके आलेल्या माणसाला ‘भूत आहे’ म्हणून धरून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं याला माझा साफ विरोध आहे, आणि कायद्याचाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून आपल्याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचार घेऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. आपल्यातले काही जण या कायद्याकडे संशयाने बघतात. मला तसं वाटत नाही. प्रार्थनेला त्यात बंदी नाही, आणि जे बंद केलंय ते आपण आधीच बंद करायला हवं होतं.

साक्षीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळी नासाडी तिथे होते. गाणी, गर्दी, दिवे, माईक यांत शरीर उत्तेजित होतं आणि दुखणं तासभर खरोखर कमी होतं. माणूस खोटं बोलत नसतो. रात्री घरी पोचेपर्यंत ते परत येतं, पण तोपर्यंत व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरलेला असतो, आणि आता खरं सांगावं तर प्रभूची बदनामी होईल म्हणून तो गप्प बसतो. दमा, संधिवात यांसारखी दुखणी तशीही कमी-जास्त होत असतात, आणि माणूस सभेला येतो तो त्रास सगळ्यात जास्त असतानाच. त्यानंतरचा उतार पुष्कळदा आपोआपच येतो.

लूक 17 मधल्या दहा कुष्ठरोग्यांना प्रभूने काय सांगितलं? जाऊन याजकांना दाखवा. लेवीय 14 प्रमाणे तपासून शुद्ध ठरवणं हे याजकाचं काम होतं, आणि प्रभूने ती तपासणी टाळली नाही. कॅथलिकांनी फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री हे फार शिस्तीने केलं. तिथे 1883 पासून वैद्यकीय कचेरी आहे. आजार गंभीर होता का, आधीचे कागद आहेत का, उपचाराने बरं होण्यासारखं होतं का, बरं होणं अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ होतं का, हे वर्षानुवर्षं तपासतात. 7000 हून अधिक नोंदींतून चर्चने चमत्कार मानलेल्या घटना 70 च्या आसपास आहेत. आपल्या मंडळीला लूर्द परवडणार नाही, पण एक वही परवडते. त्यात लिही: नाव (परवानगीने), आजाराचं डॉक्टरांनी लिहिलेलं नाव, सभेआधीचा रिपोर्ट आणि तारीख, चालू औषधं, सभेनंतरची तपासणी, सहा महिन्यांनी काय. साखरेसाठी उपाशीपोटीचा एक आकडा धरू नकोस, एचबीए1सी बघ, कारण तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. कॅन्सरसाठी ‘गाठ लहान वाटते’ चालणार नाही, स्कॅन हवा. हे होईपर्यंत माईक नाही. ‘मला हलकं वाटतंय, देवाचे आभार’ एवढं कुणी म्हणालं तर म्हणू दे, ते खरं आहे. ‘मी बरा झालो’ हे त्याच्या डॉक्टरने म्हणावं. आणि खरंच काही घडलं असेल तर ते सहा महिन्यांनीही घडलेलंच असेल.

पैशाचं थोडक्यात. ज्या वेळी आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालू आहे त्या वेळी अर्पणाची थैली फिरू नये. बऱ्या झालेल्या नामानाकडून मागाहून चांदी घेणाऱ्या गेहजीचं, म्हणजे अलीशा संदेष्ट्याच्या चाकराचं, काय झालं ते 2 राजे 5 मध्ये आहे: नामानाचाच रोग त्याला लागला.

सभा संपल्यावर तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन कर, आणि पहिला प्रश्न ‘गोळ्या घेताय ना?’ हाच असू दे. जे बरे झाले नाहीत त्यांच्या घरी जा. ससूनच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेत उभं राहायला माणूस नसतो, तिथे तुमच्या टीममधल्या पोरांनी पाळ्या लावाव्यात. मरणाला टेकलेल्या माणसासमोर ‘तुम्ही उठणार’ म्हणू नकोस. त्याला मुलांशी, भावांशी काय बोलायचं राहिलंय ते बोलू दे, प्रभूभोजन हवं असेल तर पाळकांना बोलाव, स्तोत्र 23 वाच.

टीमची पहिली बैठक झाली की पाळकांसमोर तीन गोष्टी मांड: गोळ्यांचं वाक्य सगळ्यांनी म्हणायचं, तपासणीआधी साक्ष नाही, कार्डं व्यासपीठावर नाहीत. अदबीने मांड, त्यांच्यावर आरोप करायचा नाही. पुष्कळ पाळकांना हे पटतं, फक्त कुणी बोललेलं नसतं. तिन्ही मान्य झाल्या तर मनापासून जा आणि पोटतिडकीने प्रार्थना कर, देव बरं करतो यावर माझाही पूर्ण भरवसा आहे. गोळ्यांच्या वाक्यालाच नकार आला तर टीममधून नाव काढून घे, आणि त्या संध्याकाळी मंडपाच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते तू स्वतः सांग.

ख्रिस्तात तुझे,
काका