शिक्षकांना वर्गात मदत करायचं काम, आणि बाबांची एमपीएससी

काका, पत्र वाचलं. मुलगी डी.एड. आहे, सिडकोतल्या एका शाळेत दोन वर्षं पहिलीला शिकवतेय, आता तिला वाचन शिकवायच्या शास्त्रीय पद्धती वर्गात वापरायला शिक्षकांना मदत करायचंय आणि तुम्ही म्हणताय एमपीएससी कर, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायला लागतो. खरं सांगू, मला ह्या धमकीचीच जास्त काळजी वाटली. लग्नाच्या भीतीने कोणाचा अभ्यास होत नाही. चार पानांच्या पत्रात तिला हेच का करायचंय ते कुठेच नाही, तुम्ही तिला विचारलंत तरी का? एमपीएससीची फी ती मनापासून म्हणाली तरच भरा, एवढंच.

तुम्ही लिहिलंय, "हॉलमध्ये दोन दिवस भाषण द्यायचं, हे काय काम आहे का." अहो, हॉलमधल्या प्रशिक्षणातलं वर्गात फार थोडं उतरतं, जॉइस आणि शॉवर्स हे अमेरिकन अभ्यासक 1980 च्या दशकापासून तेच सांगत होते, म्हणून तर कोच, म्हणजे शिक्षकांना मदत करणारा, वर्गात जाऊन बसतो. समजा एखादं पोरगं धडा घडाघडा म्हणतं पण त्यातलेच शब्द उलटसुलट करून फळ्यावर लिहिले की गप्प होतं, म्हणजे धडा पाठ आहे, वाचता येत नाही. मग बाईंसोबत बसायचं, सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी संपायची वाट न बघता म, क, ल आणि काना एवढ्यावरच काम, मका, माल, कमल वाचून घ्यायचं ठरवायचं, 'दिवा'मधली वेलांटी दिसते आधी पण आवाज येतो नंतर, तिथे मुलं का अडतात ते बोलायचं, एक तास स्वतः घेऊन दाखवायचा, मग बाईंचा बघायचा आणि पुढच्या आठवड्यात परत जायचं. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलं की अक्षरं उलगडता येणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचन, एक शून्य असेल तर उत्तर शून्य. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा बोली बोलणारं पोर अक्षरं जोडेलही, पण पुस्तकातली मराठीच कळली नाही तर काय, तिथे आधी गप्पागोष्टींवर काम लागतं. हे सगळं ओळखायला डोकं लागतं, काका.

आता तिच्यासाठी. दोन वर्षं कमी आहेत बाळा. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाई तुझं का ऐकतील? अजून तीन-चार वर्षं पहिली-दुसरीच घे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) देऊन जिल्हा परिषदेची शाळा मिळाली तर फारच चांगलं. पालघर जिल्ह्यातल्या क्वेस्ट ह्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं काम जाऊन बघ, नंतर अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या एम.ए. एज्युकेशनचा विचार कर. संस्थांमधल्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रोजेक्टपुरत्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या असतात, पगाराचं आधी स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

आणि काका, पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिच्या वर्गातली कोणती मुलं कुठे अडलीत आणि तिने त्यावर काय करून बघितलं, तेवढं त्यात हवं.