आजोबांच्या ट्रंकेत जुना ब्रिटिश घडीचा 'ट्रॉपिकल' कॅमेरा सापडला आहे. पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवावा का? त्यात अजून फोटो निघतील का?

पॉलिश करू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. तुमच्या प्रश्नातला 'पॉलिश' हा शब्द वाचून मी अर्ध्या जेवणावरून उठलोय, त्यामुळे पुढचं जरा लांबणार आहे.

आमच्या देवरुखच्या घरी याच जातीचा एक आहे. एन्साइन कार्बाइन, ट्रॉपिकल म्हणजे उष्ण, दमट देशांसाठी बनवलेलं मॉडेल, १२० च्या रोलचा (१२० हा फिल्मच्या मापाचा नंबर). आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. १९४७ साली त्यांच्या वरचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने तो स्वस्तात दिला. आजोबांनी त्यावर आयुष्यभर पूल, मोऱ्या आणि खचलेले घाट टिपले. एका रोलात आठ फोटो. सात सरकारचे, आणि आठवा उरलाच तर घरचा. आजीचा तरुणपणचा एकुलता एक फोटो असा कुठल्याशा मोरीच्या रोलातला आठवा आहे.

कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक. त्यामुळे घरात 'आजोबांची कार्बाइन' असा स्त्रीलिंगी उल्लेख व्हायचा आणि नवा पाहुणा दचकायचा. खंडेनवमीला कोयती, ओळंबा, लेव्हल, मोजणीची साखळी यांच्या रांगेत तिलाही पाटावर जागा असे. पण आजोबांचा नियम होता, हळदकुंकू पाटाला लावायचं, कॅमेऱ्यावर फक्त एक झेंडू.

आजोबा १९९१ साली गेले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने सकाळी घरी पोचलो, तर पाटावर कॅमेरा समईसारखा लखलखत होता. आमच्या दादाने तो चिंचेने घासला होता. चिंच, मीठ, वर थोडी राख, देवाच्या उपकरण्यांना करतात तसं सगळं साग्रसंगीत. "अरे पितळच आहे, नुसतं काळं पडलं होतं," असं मोठ्या अभिमानाने म्हणाला. आजोबांसाठी केलं, असंही म्हणाला, त्यामुळे मला त्या दिवशी बोलता आलं नाही. ते आज बोलतो.

ते काळं पडलेलं नव्हतं. जुन्या तांब्याच्या पैशासारखा तो तपकिरी रंग लंडनच्या कारखान्यात मुद्दाम चढवलेला होता. साध्या घडीच्या कॅमेऱ्यावर काळं चामडं डकवलेलं असतं, आणि ते सरसाने डकवतात. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेला चिकटा. आपल्याकडच्या जुलैत तो सुटतो, चामडं फुगतं, त्यावर बुरशी येते आणि उरलंसुरलं झुरळांचं जेवण होतं. म्हणून ट्रॉपिकल मॉडेलला चामड्याचं पांघरूणच ठेवलं नाही. उघडं पितळ, वर रासायनिक तपकिरी रंग, आणि चामडं फक्त बेलोजला, कारण तिथे इलाज नाही. (बेलोज म्हणजे लेन्स आणि डबा यांच्या मधला घड्यांचा भाग. आजोबा त्याला 'भाता' म्हणत. मीही तेच म्हणतो.) दादाने अर्ध्या तासात त्यातला रंग काढला. चिंच स्क्रूच्या खाचांत आणि बिजागरीत राहिली, ती पुढे हिरवी झाली. ज्यांच्या घरी पितळेच्या भांड्यात ताक कळकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमचा लाकडी असेल तर गोष्ट थोडी वेगळी, पण तीच. सँडरसन, सोहो रिफ्लेक्स वगैरेंच्या ट्रॉपिकल आवृत्त्या सागवानाच्या असत. सांधे नुसत्या सरसाच्या भरवशावर न सोडता पितळी पट्ट्या आणि स्क्रूंनी आवळलेले. सागाला स्वतःचं तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण त्यातले बरेचसे काचेच्या प्लेटवर फोटो घेणारे, रोलचे नव्हेत. तुम्ही 'घडीचा' म्हणालात, तेव्हा मी एन्साइनसारखाच धरून चाललोय.

आता दादाचा दुसरा सिद्धांत. हा मला तेहेतीस वर्षं ऐकावा लागलाय: "ट्रॉपिकल आहे तो, त्याला काय होणार?" या भरवशावर त्याने कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर दोरी बांधून लोखंडी कपाटात तळाला ठेवला. अकरा पावसाळे. मी उघडला तेव्हा भाता ठीक, पितळ ठीक, आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

ट्रॉपिकल हा शब्द डब्यापुरता आहे. काच तीच, जी इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला मिळायची. भिंगं एकमेकांना चिकटवायला तोच कॅनडा बाल्सम, देवदाराच्या कुळातल्या एका झाडाचा चीक. फिल्मही तीच. आजोबा रोल पहाटे चारला धुवायचे, कारण त्या वेळी विहिरीचं पाणी सगळ्यात गार. दिवसा धुतला तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर साबणासारखा सुटायचा. म्हणून मध्ये क्रोम तुरटीचं पाणी, थर कडक करायला. कॅमेरा ट्रॉपिकल असून हे सगळं करावं लागायचंच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला काच, धूळ, बोटाचा डाग काहीही पुरतं, आणि देवरुखात जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली येतच नाही. त्यात प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे बुरशीसाठी दुलई. वापरात राहिला असता तर वाचला असता. आजोबांच्या हातात तो चाळीसहून जास्त पावसाळे होता आणि काचेवर एक धागा नव्हता. दादा यावर म्हणतो की तेव्हाची हवा वेगळी होती.

असो. फोटो निघतील का? निघतील, जर रोल १२० चा असेल. आत रिकामं रीळ असेल तर दुकानात नेऊन १२० च्या रिळाशी ताडून बघा. ११६ वगैरेचा निघाला तर ती फिल्म बंद होऊन जमाना झाला, मग शोकेसच बरी. रात्री अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत लहान टॉर्च लावा आणि बाहेरून कोपरे बघा. चांदण्या दिसल्या तर तेवढ्या भोकांवर काळा कापडी रंग द्या, अख्ख्या भात्याला काहीही फासू नका. खोबरेल तर नकोच. पाठीमागच्या, फोटोचा नंबर दाखवणाऱ्या लाल खिडकीवर काळी फीत लावा आणि ती रोल फिरवण्यापुरतीच उचला. तेव्हाच्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड दिसत नसे, आजच्यांना दिसतो. आणि आधी कॅमेरा उघडा, मग रोल पुढे घ्या. उलटं केलं तर भाता उघडताना हवा ओढली जाते आणि फिल्म पुढे फुगते. नवशिक्यांचे फोटो इथेच बिघडतात आणि दोष लेन्सला मिळतो. शटरचे हळू वेग अडकत असतील तर शिलाई मशीनचं तेल सोडू नका, जाणकाराकडे न्या. सुट्या भागांची आशा मात्र सोडा.

विकायचा असेल तर माझा अनुभव: मी एकदा मुंबईला चोर बाजारात मटण स्ट्रीटवर नुसता भाव विचारायला नेला होता. दुकानदाराने हातात घेतला, उलटा केला, "घासला कुणी?" एवढंच विचारलं आणि परत दिला. पुढे आकडा सांगितला तो ऐकून मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, त्याला पितळेतलं काय कळतं. त्या दुकानात सागवान आणि चकचकीत पितळेचे बरेच 'अँटिक' कॅमेरे टांगलेले होते. मी एक उघडून पाहिला, आत रोल बसायला जागाच नव्हती, म्हणजे नुसती शोभेची नक्कल. तुमचा घासून तसाच दिसायला लागेल, मग गिऱ्हाईक फरक कशावरून करणार?

दोन गोष्टी राहिल्या. एक, ट्रंकेत जुने रोल किंवा निगेटिव्हची पाकिटं असतील तर ती वेगळी काढा आणि उष्णतेपासून लांब ठेवा. तेव्हाच्या फिल्म नायट्रेटच्या असू शकतात, त्या झपकन पेटतात. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. दुसरं, लेन्स स्वतः उघडू नका. मी उघडली. बुरशी पुसली गेली, काचेत तिने कोरलेल्या रेषा राहिल्या, ते ठीक. पण पुढची काच परत लावताना आटे तिरके बसले. तेव्हापासून प्रत्येक फोटोची डावी बाजू ओल्या काचेतून बघितल्यासारखी येते. हे घरात कुणाला माहीत नाही. दादा असल्या साइटवर येत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या खंडेनवमीला मी कार्बाइनमध्ये रोल घातला. सात फोटो अंगणाचे, विहिरीचे, आजोबांच्या एका मोरीचे काढले. आठवा दादाचा, ओटीवर, बनियनवर, हातात पूजेचं तबक. धुऊन आला तो रोल त्याला दाखवला. दादा स्वतः फोटोत उजवीकडे स्वच्छ, डावीकडचा खांब आणि तुळशीवृंदावन पार विरघळलेलं. त्याने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "खरंय रे तुझं. पिशवीत नको होता ठेवायला. बुरशीनं वाट लावली लेन्सची."

मी हो म्हणालो.