ऑस्ट्रेलियात कंपनीची स्पॉन्सरशिप घ्यावी की राज्याचं नॉमिनेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, चाकणला सीएनसीवर चौदा वर्षं. साउथ ऑस्ट्रेलियातली, ॲडलेडकडची एक कंपनी ४८२ व्हिसावर (कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरचा तात्पुरता व्हिसा) न्यायला तयार आहे, पण "स्पॉन्सरचा खर्च पगारातून वळता करू" म्हणते. एजंट म्हणतो कंपनीच्या नादी लागू नका, साउथ ऑस्ट्रेलियाच्या नॉमिनेशनवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिफारशीवर, ४९१ (पॉइंटवर मिळणारा तात्पुरता व्हिसा) काढू. कुठला रस्ता धरावा?

आधी ते पगारातून वळतं करण्याचं बघू. तसं करता येत नाही. स्पॉन्सर म्हणून मंजुरी घेणं, नॉमिनेशनची फी आणि त्यावरची ट्रेनिंग लेव्ही हे सगळं कंपनीने सोसायचं असतं. उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर ही लेव्ही वर्षाला १,२०० डॉलर, त्यावर असेल तर १,८००. व्हिसाची फी मात्र तुमच्यावर पडू शकते. डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणारा आणि देणारा दोघंही कायद्यात अडकतात, देणाऱ्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. "सगळेच देतात" असं सांगणारा भेटला तर त्याला नमस्कार करा.

आता मुद्द्याचं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फिटर-टर्नर. २०१५ ला ४५७ व्हिसावर (४८२ च्या आधीचा कंपनीचा व्हिसा) व्हिक्टोरियात आलो, मरे नदीच्या काठच्या एका गावात, शेतीची अवजारं आणि पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. तेव्हा नियम असा होता की त्याच मालकाकडे दोन वर्षं काढली की तो कायमच्या व्हिसासाठी नॉमिनेट करू शकतो. 'करू शकतो' एवढंच, करेलच असं कुठे लिहिलेलं नाही. हे मला कळायला तीन वर्षं लागली.

मालक वाईट नव्हता. आजही त्याला शिवी देववत नाही. सकाळी साडेनऊच्या चहाला संत्रं सोलत बसायचा, साल एका तुकड्यात काढायचा आणि माझ्यापुढे निम्मं संत्रं सरकवायचा. २०१७ ला दोन वर्षं भरली तेव्हा मी विषय काढला. "नेक्स्ट फायनान्शियल इयर, मेट." पुढचं वर्ष आलं तेव्हा म्हणाला अकाउंटंट रजेवर आहे. मग म्हणाला दुष्काळ आहे, शेतकऱ्यांची बिलं थकलीत. हेही खरंच होतं. मी दर वेळी संत्रं खाऊन परत लेथवर.

२०१८ च्या जूनमध्ये दोन माणसं आली. त्यांनी लेथ मोजले, मिलिंग मशीनचे नंबर लिहून घेतले, क्रेनची चाचणी घेतली. आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. वर्कशॉप विकलं गेलं होतं, तेही दुसऱ्या कंपनीच्या नावावर. स्पॉन्सरशिप ही कंपनीला मिळालेली मंजुरी असते, ती शेड आणि मशिनरीबरोबर विकली जात नाही. नव्यांना ती काढायची नव्हती. शुक्रवार, १० ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस. जुन्या मालकाने हात मिळवला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्या पाण्याचं नॉमिनेशन होत नाही.

तेव्हा नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस मिळायचे. बायकोने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मोजून पेनाने गोल केला: ९ ऑक्टोबर, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. ती एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायची, त्या पगारावर घर चाललं. मुलगी पहिलीत होती आणि तिला वाटायचं बाबांना मोठी सुट्टी लागलीय. सत्तरेक अर्ज केले असतील. शेवटी ॲडलेडला विंगफील्डमधल्या एका जॉब शॉपने (ऑर्डरचे सुटे भाग बनवणारं वर्कशॉप) चाचणीला बोलावलं, शाफ्ट टर्न करून दाखवला, दोन शतांशात बसला. त्यांनी नॉमिनेशन भरलं २ ऑक्टोबरला. त्रेपन्नावा दिवस. ते मंजूर होईपर्यंत काम करायची परवानगी नव्हती, म्हणून भाड्याच्या खोलीत गाद्या टाकून वाट बघत बसलो.

आता साडूंबद्दल सांगावंच लागेल, कारण तुमच्या एजंटाची भाषा हुबेहूब त्यांची आहे. साडू सॉफ्टवेअरवाले. २०१४ मध्येच साउथ ऑस्ट्रेलियाच्या नॉमिनेशनवर १९० घेऊन आले, म्हणजे थेट कायमचा व्हिसा. माझी नोकरी गेली तेव्हा फोनवर पहिलं वाक्य: "मी सांगितलं होतं, मालकाच्या भरवशावर राहू नकोस." बायको आतून म्हणाली, "दाजींचं बरोबर आहे." बरोबर होतंच. मालकाच्या शब्दावर मी तीन वर्षं घालवली आणि स्वतःच्या पॉइंटची (वय, इंग्रजी वगैरेंचे गुण, ज्यांवर राज्याचा व्हिसा मिळतो) फाइल उघडलीसुद्धा नव्हती. स्किल असेसमेंट (कौशल्याची अधिकृत तपासणी) नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, ईओआय (व्हिसासाठी इच्छुक म्हणून ऑनलाइन नोंदणी) नाही. ही माझी चूक, मालकाची नव्हे.

मग ती फाइल उभी केली. दिवसा काम, रात्री पीटीई या इंग्रजी परीक्षेचा अभ्यास. पाच पॉइंट नाटी (NAATI) या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या सीसीएल परीक्षेचे मिळतात आणि त्यात मराठी आहे, हे खूप जणांना माहीतच नसतं. दोन संवाद येतात, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी तोंडी करायचं. साडू हसले, "मराठी बोलायचे पॉइंट? तू तर नापास होणार." जवळजवळ झालोच होतो. 'वेटिंग पीरियड'ला मराठीत काय म्हणतात? दिवसभर चक आवळणाऱ्या माणसाला 'प्रतीक्षा कालावधी' कुठून आठवणार! ९० पैकी ६३ लागतात, मला ६६ पडले. त्या तीन मार्कांचा मला डिप्लोमापेक्षा जास्त अभिमान आहे. पुढे राज्याने नॉमिनेट केलं, त्याचे १५ पॉइंट, २०२१ ला ४९१ आला, आणि तीन वर्षांची टॅक्सची कागदं जमल्यावर २०२४ ला १९१ चा, म्हणजे ४९१ नंतरच्या कायमच्या व्हिसाचा, अर्ज भरला.

म्हणजे साडू जिंकले का? अजिबात नाही. १९० घेताना राज्याला लिहून द्यावं लागतं की दोन वर्षं इथे राहीन, इथेच काम करीन. साडू ॲडलेडला उतरले आणि पाच आठवड्यांत गाडीत सामान भरून मेलबर्नला गेले. सव्वासातशे किलोमीटर. त्यांचं म्हणणं, व्हिसावर तशी अट छापलेली नाही, सरकार काही करू शकत नाही. कायद्याने खरं आहे, १९० वर ती अट नसते, नैतिक बांधिलकी असते फक्त. पण मालकाने मला दिलेला शब्दही कागदावर नव्हताच, तेव्हा मात्र साडू त्याला लबाड म्हणत होते! आपला शब्द मोडला की हुशारी आणि गोऱ्याने मोडला की फसवणूक, हे गणित मला जमत नाही. दर गणपतीत हा वाद होतो आणि आरतीमुळेच थांबतो. आज बरीच राज्यं आधीपासून तिथे राहून काम करणाऱ्यांना झुकतं माप देतात, बाहेरच्याकडे संशयाने बघतात. माझ्या मते ते अशा पाच आठवडेवाल्यांच्याच कृपेने.

तर तुमच्यासाठी. ४८२ घ्या, जर ते पैसे कापणं सोडत असतील तर. ॲडलेडला येऊन काम केलंत की त्याच राज्याच्या नॉमिनेशनसाठी तुमचं पारडं जड होतं. विमानात बसायच्या आधी स्किल असेसमेंट, पीटीई आणि सीसीएल उरका. ईओआय भरायला पैसे लागत नाहीत. मालकाच्या हातात फक्त त्याचं नॉमिनेशन राहू द्या, तुमची फाइल नव्हे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत आहे का ते बघा. नसेल तर तो एजंट नाही, गिऱ्हाईक शोधणारा माणूस आहे.

हे लिहून झाल्यावर आठवलं, माझ्या वेळचे नियम तुम्हाला तसेच लागू नाहीत. नोकरी सुटली तर आता एका वेळी १८० दिवस मिळतात, सगळे मिळून ३६५. ४८२ वरून १८६ साठी (कंपनीच्या नॉमिनेशनवरचा कायमचा व्हिसा) दोन वर्षं पुरतात, आणि डिसेंबर २०२४ पासून मालक बदलला तरी आधीच्या मंजूर स्पॉन्सरकडचे दिवस मोजले जातात. म्हणजे कंपनीचा रस्ता माझ्या काळाइतका कोंडीचा राहिलेला नाही. उलट ४९१ एकदा घेतला की साधारण तीन वर्षं १८६ किंवा १९० चा अर्ज करता येत नाही, त्यामुळे घाईने तो घेऊ नका. तुमचं वय ३८, म्हणजे वयाचे २५ पॉइंट. चाळीस पूर्ण झालं की १५ वर येतात आणि ४५ नंतर ही दारं बहुतेक बंदच. तेव्हा दीड-दोन वर्षांत काय ते करायचं.

कंपनीला आजच ईमेल करा की खर्च कोण करणार ते लेखी द्या. काय उत्तर येतं ते कळवा.