मी एच-१बीवर, पत्नी एच-४वर, तिला एसएसएन नाही. आयकर दोघांचा एकत्र भरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही काही वर्षं अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहात, डिसेंबर २०२५ मध्ये पुण्यात लग्न झालं, पत्नी फेब्रुवारी २०२६ मध्ये एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आली. तिचा २०२५चा पगार भारतातला आहे आणि इथे तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही. ऑफिसातला मित्र म्हणतोय, "या वर्षी सिंगल म्हणून भरून टाक, पुढच्या वर्षी बघू."

मित्राचं ऐकू नका. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित होतात, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात २०२५चं अख्खं वर्ष विवाहित. लग्न २८ डिसेंबरला झालं असलं तरी तेच. पत्नी त्या दिवशी कुठल्या देशात होती, तिच्याकडे नंबर आहे का, याने यात फरक पडत नाही. तुमच्यापुढे वाटा दोनच, विवाहित-एकत्र किंवा विवाहित-वेगळं. सिंगल ही वाट नाहीच.

हे मी इतकं ठासून सांगते कारण आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आमचं लग्न डिसेंबर २०१५ मध्ये नाशिकला झालं, मी मार्चमध्ये न्यू जर्सीला आले. टॅक्स भरून देणाऱ्याने "मॅडमना एसएसएन नाही ना, मग सिंगल" म्हणत दहा मिनिटांत रिटर्न भरून टाकलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या सीपीएने (इथल्या परवानाधारक लेखापालाने) जुने कागद मागवले, ते बघून त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते वर्ष नीट केलं, महिनोन् महिने वाट पाहिली. पैसे परत मिळाले, पण तोवर दर वेळी टपालपेटी उघडताना पोटात गोळा यायचा.

आता तुमचं बघू. पत्नी २०२५ मध्ये अमेरिकेत एकही दिवस नव्हती, म्हणून ती त्या वर्षापुरती नॉनरेसिडेंट, म्हणजे करासाठी अनिवासी. नियमाने नॉनरेसिडेंटबरोबर एकत्र रिटर्न भरता येत नाही. पण कायद्यात यासाठीच एक कलम आहे, ६०१३(जी). वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण रेसिडेंट आणि दुसरा नॉनरेसिडेंट असेल, तर दोघं मिळून "आम्हाला दोघांनाही वर्षभर रेसिडेंट धरा" असं लिहून देऊ शकतात. त्यासाठी वेगळा फॉर्म नाही. एका साध्या कागदावर ते विधान, दोघांची नावं, पत्ते, नंबर आणि दोघांच्या सह्या, हा कागद रिटर्नला जोडायचा.

त्याची किंमत अशी की तिचं २०२५चं जगभरातलं उत्पन्न रिटर्नवर येतं. पुण्यातला पगार, एफडीचं व्याज, सगळं.

तरी फायदा होतो का? आकडे धरून बघा. तुमचा डब्ल्यू-२वरचा (कंपनीने दिलेल्या वार्षिक पगाराच्या दाखल्यावरचा) पगार १,१०,००० डॉलर आणि तिचे पुण्यातले साधारण नऊ लाख, म्हणजे सोयीसाठी १०,००० डॉलर धरू. वेगळं भरलंत तर तुम्हाला १५,७५० डॉलरची प्रमाणित वजावट आणि केंद्राचा कर १५,६४९ डॉलरच्या आसपास. एकत्र भरलंत तर वजावट ३१,५०० आणि तिचा पगार धरूनही कर १०,१४३. साडेपाच हजार वाचले. राज्याचा कर वेगळा, तिथे नियम राज्यागणिक बदलतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लोक म्हणतात, तिने भारतात कर भरलाय, त्याचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी सूट, फॉर्म १११६वर मिळेल. आम्हाला २०१५चं मिळालं होतं. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. शून्य भरला तर क्रेडिटही शून्य. जानेवारी ते मार्च २०२५ हा भाग आधीच्या आर्थिक वर्षात मोडतो, त्यावर थोडा कर गेला असेल तर तेवढंच क्रेडिट. म्हणून तिच्या पगारावर इथे बाराशे डॉलर जातील असं गृहीत धरा. वरच्या १०,१४३ मध्ये ते आलेच आहेत.

आता नंबर. एच-४वर वर्क परमिट नसेल तर एसएसएन नाही, त्यामुळे आयटिन, म्हणजे फक्त करासाठीचा ओळख-नंबर काढायचा. त्याचा अर्ज, फॉर्म डब्ल्यू-७, रिटर्नच्या वर लावून सगळं कागदावर आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, टेक्सासात ऑस्टिनला पाठवायचं. हे पहिलं रिटर्न ऑनलाइन जात नाही. सोबत मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते, नोटरीची चालत नाही. माझा सल्ला, पासपोर्ट टपालात टाकू नका. आयआरएसने मान्यता दिलेले सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट समोर बघून लगेच परत देतात. पैसे घेतात, पण घरी काही अडचण आली आणि अचानक भारतात जावं लागलं तर पासपोर्ट हातात असतो. आणि नाव. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं. डब्ल्यू-७वर मी सासरचं लिहिलं आणि एजंटबाईंनी पेनाने खाट्‌कन गोल केला. पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, स्पेलिंगसकट. टॅक्सच्या हंगामात आयटिनला ९ ते ११ आठवडे लागतात.

१५ एप्रिलपर्यंत हे जमत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. मुदत कागदांना मिळते, पैशांना नाही. कर देणं निघत असेल तर एप्रिलमध्येच भरा. घाईत "वेगळं" भरून बसलात तरी तीन वर्षांच्या आत एकत्र करता येतं. उलटं मात्र मुदत संपल्यावर करता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो तिच्या भारतातल्या खात्यांना. आपल्याकडे मुलीच्या नावावर काय काय असतं ते आठवा. पगाराचं खातं, पीपीएफ, नोकरी लागल्यावर सुरू केलेल्या एसआयपी, आणि वडिलांनी "हिचं दुसरं नाव असू दे" म्हणून जोडलेल्या एफडी. मला माझ्याच दोन एफडी माहीत नव्हत्या. आईने नाशिकहून पावत्यांचे फोटो पाठवले तेव्हा कळलं. शिवाय फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं, त्यामुळे व्याजाच्या नोंदी पासबुकातून एकेक करून वेचाव्या लागल्या. पीपीएफचं व्याज वर्षातून एकदाच, ३१ मार्चला जमा होतं, ते सोपं. भारतात ते करमुक्त असलं तरी इथे आम्ही ते दरवर्षी दाखवतो. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याच्या व्याजाचंही तसंच.

म्युच्युअल फंडांबाबत जपून. अमेरिका भारतातल्या फंडांना पीएफआयसी (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) मानते, त्याचा फॉर्म ८६२१ किचकट आणि कर कडक आहे. एकत्र रिटर्नमध्ये सगळ्या फंडांची वर्षअखेरची किंमत ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि विक्री किंवा मोठा लाभांश नसेल तर तो फॉर्म टळू शकतो. म्हणून घाबरून लगेच विकू नका. आधी यातलं कळणाऱ्या सीपीएला विचारा. सगळ्यांना कळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

परदेशी खात्यांत वर्षात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, वेगळा भरायचा, तो कर खात्याच्या रिटर्नमध्ये जात नाही. यात ६०१३(जी)ची निवड धरत नाहीत, खरे राहिलेले दिवस धरतात. म्हणून २०२५साठी फक्त तुमची खाती. २०२६ मध्ये ती इथेच राहिली तर पुढच्या वर्षी तिचीही, बाबांबरोबरच्या एफडीसकट.

लग्नातलं सोनं दाखवायचं का, हे मला प्रत्येक नवी नवरी विचारते. नाही, अंगावरचे दागिने किंवा घरातल्या कपाटातलं सोनं परदेशी मालमत्तेच्या फॉर्म ८९३८वर येत नाही. आहेरावरही घेणाऱ्याला इथे कर नाही. भारतातून एका वर्षात १,००,००० डॉलरहून जास्त भेट आली तरच फॉर्म ३५२० लागतो.

आणि एक विनंती. एकत्र रिटर्नमधल्या चुकीची जबाबदारी दोघांवरही पूर्णपणे येते, तिची कमाई शून्य असली तरी. माझ्या पहिल्या एकत्र रिटर्नवर, पिवळी पट्टी चिकटवलेल्या जागी, मी न वाचता सही केली होती. आता मार्चमधल्या एका रविवारी जेवण झालं की आम्ही दोघं टेबलावर लॅपटॉप आणि पासबुकं घेऊन बसतो आणि शेड्यूल बी (व्याज आणि लाभांशाची यादी) मी मोठ्याने वाचते. तुमच्या पत्नीलाही सही करण्याआधी शेजारी बसवा आणि तिच्या पगाराची ओळ कुठे आहे ते तिला दाखवा.