जुना स्पेक्ट्रम बिघडलाय? आधी मीटर लावा, आयसी नंतर काढा

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की घरात ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर पडून असेल तर कळवा, तर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्य नाही. बहुतेकांकडे एकच मशीन आहे, डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे इंग्लंडच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, जो पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं लायसन्स घेऊन इथं आणला होता. म्हणून या वेळी सगळी उत्तरं त्याचीच.

प्रश्न : वडील रेल्वेत होते, त्यांनी हौसेनं घेतलेला स्पेक्ट्रम प्लस माळ्यावरून काढला. चालू केला की टीव्हीवर उभ्या काळ्या-पांढऱ्या रेघा येतात आणि तिथंच अडकतो. अडॅप्टरवर ९ व्होल्ट छापलंय पण मीटर १३ दाखवतं. मोबाइल रिपेअरवाला म्हणतो आठही मेमरी आयसी (चिप) बदलून टाकू. बदलू का? (भुसावळ)

उत्तर : भाऊ, त्याला आधी थांबवा. तेरा व्होल्टचं टेन्शन घेऊ नका, हा जुन्या पद्धतीचा अडॅप्टर आहे, आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कॅपॅसिटर एवढंच, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाहीच, त्यामुळे मशीन न जोडता मोजलं तर १२-१३ येणारच, लोड आला की खाली उतरतं. ते काम मशीनच्या आत ७८०५ नंबरचा रेग्युलेटर करतो, तो चांगला चटका बसेल इतका तापतो, आणि तेही नॉर्मल आहे.

आता मुद्द्याचं. खालच्या १६ केबी मेमरीत आठ आयसी आहेत, बोर्डावर आयसी६ ते आयसी१३, आणि त्यांच्यावर ४११६ नंबर असेल तर त्यांना एक नाही, तीन सप्लाय लागतात : +५, +१२ आणि -५. पैकी +१२ आणि -५ बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात, टीआर४ आणि टीआर५. टीआर४ उडाला की हे व्होल्टेज बिघडतात, आणि -५ गायब होऊन +१२ तसाच राहिला तर ४११६ तापून मरतात. म्हणजे कारण न शोधता आठ आयसी नवीन टाकल्या तर त्या नव्या पण जातील, आणि या आयसी आता दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात.

तर मीटर डीसीवर ठेवा, काळा प्रोब मॉड्युलेटरच्या (टीव्हीचा सिग्नल तयार करणाऱ्या) पत्र्याच्या डबीला लावा, लाल प्रोब कुठल्याही एका ४११६ च्या पिनांवर : १ नंबरला -५, ८ नंबरला +१२, ९ नंबरला +५ यायला पाहिजे. पिना मोजताना आयसीच्या खाचेपासून मोजा. आणि हात स्थिर ठेवा हं, ८ वरून प्रोब घसरून शेजारच्या ७ ला टेकला तर १२ व्होल्ट थेट अ‍ॅड्रेस लाइनमध्ये जातात आणि जे चांगलं होतं तेपण बसतं. एकही व्होल्टेज कमी-जास्त दिसलं तर लगेच अडॅप्टरची पिन काढा, टीआर४ बदला (तो झेडटीएक्स६५० असतो), टीआर५ आणि कॉइल तपासा. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर पण याच वेळी सगळे बदलून घ्या, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर जी भट्टी पेटते त्यात ते वाळलेलेच असणार, आणि किंमत काही नाही. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणाचं + कुठल्या बाजूला ते.

तिन्ही व्होल्टेज बरोबर आले आणि तरी रेघा असतील तर मग आयसीकडे वळा, पण आठही नाही. प्रत्येक ४११६ एका बाइटचा फक्त एक बिट सांभाळते, आणि स्क्रीनवर एक बाइट म्हणजे शेजारी शेजारी आठ ठिपके, त्यामुळे एकच आयसी गेली असेल तर दर आठ ठिपक्यांनी एक रेघ असा नेमका पॅटर्न दिसतो. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन मोजा. शिवाय मशीन मिनिटभर चालवून आठही आयसींना हळूच बोट लावा, एखादी बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली सापडली तर तीच आधी काढायची. सोल्डर पंप आणि बारीक टोकाची गन जळगावच्या गोलाणी मार्केटला मिळेल, नवीन आयसी डायरेक्ट न लावता सॉकेट बसवा. पिना कापून जुनी काढली तरी चालेल, मेलेल्या आयसीपेक्षा बोर्डाचे ट्रॅक महत्त्वाचे.

वडिलांना एक विचारा, मशीन चालू असताना मागच्या पट्टीत जॉयस्टिकचं इंटरफेस काढ-घाल केलं होतं का. स्पेक्ट्रमला स्विचच नाही, त्यामुळे पोरं तसंच ओढायची, आणि टीआर४ जायचं नेहमीचं कारण तेच.

मशीन सुरू होऊन खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ आली तर प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ चालवून बघा. ६५५३५ आलं तर ४८ केबी सगळी जिवंत, ३२७६७ आलं तर वरची ३२ केबी मशीनला सापडत नाहीये, पण १६ केबीचे गेम तरी खेळता येतील.

प्रश्न : ओरिजिनल अडॅप्टर हरवला, वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा लावला तर चालेल का? पिन तर बसते. (चाळीसगाव)

उत्तर : नाही!! पिन बसते तीच तर गडबड. राउटरच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा आतला टोक प्लस असतो आणि स्पेक्ट्रमला आतला टोक मायनस लागतो, उलटा सप्लाय गेला तर रेग्युलेटरपासून पुढं काय काय जाईल सांगता येत नाही. पिन कापून वायर उलट्या जोडा, मीटरवर खात्री करा, आणि अडॅप्टर दीड अँपिअरच्या आसपासचा तरी घ्या. लावून झाला असेल तर आधी ७८०५ च्या आउटपुटला ५ व्होल्ट येतात का ते बघा.

प्रश्न : मशीन चालू होतं पण ए, एस, डी, एफ, जी ही बटणं दाबलीच जात नाहीत, बाकी सगळी चालतात. आत धूळ असेल का? (धुळे)

उत्तर : ताई, धूळ नाही, मेम्ब्रेनची (बटणांखालच्या पातळ प्लास्टिक शीटची) पट्टी. कीबोर्ड पाच-पाच बटणांच्या गटात वाचला जातो, ए ते जी हा त्यातला एक गट, त्यामुळे सगळे पाच एकदम गेले म्हणजे त्या गटाचा एकच ट्रॅक तुटलाय. खोलाल तेव्हा दिसेल, कीबोर्डमधून दोन पातळ पारदर्शक पट्ट्या निघून बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये जातात, आणि इतक्या वर्षांनी त्या बिबड्यासारख्या कडक होऊन वाकल्या की तडकतात. झाकण झटकन उचलू नका. तडा अगदी टोकाला असेल आणि पट्टीला लांबी शिल्लक असेल तर टोक दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून पुन्हा खोचा, बऱ्याचदा काम होतं. सोल्डर करायला जाऊ नका, प्लास्टिक वितळेल. मधेच तडकली असेल तर नवीन मेम्ब्रेनच, हौशी लोक अजून बनवतात आणि ऑनलाइन विकतात, मागवताना फक्त ‘प्लस’ची आहे ना ते बघा कारण साध्या रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमची वेगळी असते.

प्रश्न : एलईडी टीव्हीवर चॅनेलच सापडत नाही. (शहादा)

उत्तर : टीव्हीच्या मेनूत अ‍ॅनालॉग ट्युनिंग निवडून यूएचएफ ३६ नंबरला मॅन्युअल शोधा, ५९१ मेगाहर्ट्झच्या जवळ. आवाज टीव्हीतून येणार नाही, तो मशीनच्या आतल्या बीपरचा, त्यात बिघाड समजू नका. तरी चित्र मुंग्यांनी भरलेलं वाटलं तर मॉड्युलेटरला जाणाऱ्या दोन्ही वायर (एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची) सोडवा आणि व्हिडिओची तेवढी सॉकेटच्या मधल्या पिनेला जोडा, मग केबल थेट टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात.

प्रश्न : कॅसेटला बुरशी लागलीय, टेपचा बेल्ट पण गेलाय. गेम मोबाइलवरून लोड करता येईल? (फैजपूर)

उत्तर : येतो की, मशीनला काय कळतंय आवाज कुठून येतो ते. गेमची ऑडिओ फाइल करा, मोबाइल ते ‘इअर’ सॉकेट अशी मोनो वायर लावा, ‘जे’ (J) बटण दाबून लोड घ्या, दोन अवतरण चिन्हं टाकून एंटर, आणि फाइल वाजवा. आवाज जवळजवळ फुल, इक्वलायझर बंद, फोन एअरप्लेन मोडवर (मधेच मावशीचा फोन आला की गेम गेला). कडेला लाल-आकाशी जाड पट्टे आले म्हणजे सिग्नल मिळतोय, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या आल्या म्हणजे डेटा जातोय. पट्टे येतच नसतील तर मोबाइलचा आवाज कमी पडतोय, मधे छोटा अ‍ॅम्प्लिफायर टाका. मोठ्या गेमला चार-पाच मिनिटं जातात.