रालेत घर घेताय? आधी घराखाली बघा

तुम्ही विचारलंय, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेला नोकरी लागलीये, मुलगी सहावीत जाईल, तर आल्या आल्या घर घ्यावं का. व्हिसा, टॅक्स सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. आम्हाला कुणीच जे सांगितलं नाही ते सांगते.

इकडे बऱ्याच घरांखाली क्रॉलस्पेस असते, म्हणजे दोन-तीन फूट उंचीची पोकळी, खाली नुसती माती आणि भिंतीत झडपा. मी चिपळूणची, ओल आली की हवा खेळू द्यायची एवढंच माहीत, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या झडपा उघड्या ठेवल्या. तिथेच चुकलं. जुलैत बाहेर 32-33 डिग्री आणि दमट, घराखाली मात्र गार, आणि तिथून जाणारे एसीचे डक्ट (थंड हवेचे पाइप) तर त्याहून गार, मग बाहेरची हवा आत शिरली की गार पाण्याच्या तांब्याला सुटतं तसं डक्टला पाणी सुटतं. ऑगस्टमध्ये टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेले तर जमिनीखालचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर) भिजून लोंबत होतं, तुळईवरून बोट फिरवलं तर पांढरी बुरशी बोटाला आली. आणि खालची हवा वर घरात येतेच. बाहेर आले, चिखलाने माखलेली, आईला फोन करावासा वाटला पण तिकडे पहाटेचे दोन. एकटेपणाचं एवढंच, सवय होते.

माझी मुलगी तेव्हा सारखी खोकायची, शाळा बुडायची. डॉक्टरची चिठ्ठी दोनदा दिली तरी शाळेचं गैरहजेरीचं पत्र आलं, आईबापाचं लक्ष नाही अशा सुराचं. ते पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे. खोकला बुरशीनेच होता असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण झडपा मी उघडल्या होत्या हे मनातून जात नाही.

नंतर छताच्या पन्हळींचं पाणी घराच्या पायापासून लांब काढलं, मातीवर जाड प्लास्टिक (निदान 6 मिल तरी हवंच; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) सांध्यांवर फूटभर चढवून टेप लावलं, झडपा कायमच्या बंद केल्या, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) बसवला. आता आर्द्रता 55 टक्क्यांच्या आत असते, छोटं मीटर ठेवलंय, रोज बघते. खाली गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) असेल तर मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय झडपा बंद करू नका.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर बघाल तेव्हा इन्स्पेक्टरला खाली उतरून लाकडाचा ओलावा मोजायला लावा, 20 टक्क्यांच्या वर निघाला तर ते घर सोडा. आणि मुलीच्या लसीकरणाच्या कागदांच्या चार प्रती आणा, आमच्याकडे तीनदा मागितले.