एजन्सीकडून फोन येत नाही तेव्हा

"एजन्सीत नाव नोंदवले, त्यांनी फोनवर भरभरून आश्वासने दिली, एक-दोन मुलाखतीही झाल्या आणि मग कोणी काही कळवलेच नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, असेच ना?" बऱ्याच वर्षांनी पुन्हा नोकरी शोधायला निघालेल्या व्यक्तींकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. त्याचे उत्तर मी येथे एका महिलेच्या अनुभवाच्या आधारे देत आहे. त्यांची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

या बाई एका कंपनीच्या खरेदी विभागात दीर्घकाळ काम करत होत्या. कंपनीने तो विभागच बंद केल्यामुळे त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी दिसेल त्या स्टाफिंग एजन्सीला आणि कन्सल्टन्सीला आपला रेझ्युमे पाठवला. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या रात्री फोन उशाशी ठेवून झोपत होत्या, अनोळखी क्रमांक दिसला की त्यांच्या छातीत धडधडायचे आणि घरात कोणी "काही कळले का?" असे विचारले की त्या चिडायच्या. नकार आला असता तर तो पचवता आला असता, पण काहीच न कळणे त्यांना सोसवत नव्हते, आणि त्या मौनाचा अर्थ त्या दररोज स्वतःच्याच विरुद्ध लावत होत्या.

मी त्यांना विचारले, "एजन्सीला पैसे कोण देते?"

"कंपनी देते."

"तुम्ही खरेदी विभागात कोटेशन मागवत होतात. ज्यांचे कोटेशन स्वीकारले नाही, त्या सगळ्यांना तुम्ही कळवत होतात का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. ज्याची ऑर्डर काढायची, त्याला कळवायचो. बाकीच्यांपैकी काही जण स्वतःहून फोन करायचे." आणि क्षणभर थांबून त्यांनीच पुढे सांगितले, "पण त्या न निवडलेल्यांचा माल वाईट असायचा, असे काही नव्हते."

त्या दिवशीच्या संभाषणातले हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते त्यांना माझ्याकडून ऐकावे लागले नाही. कायम नोकरीसाठी उमेदवार शोधून देणाऱ्या एजन्सीला बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाल्यावरच मोबदला मिळतो आणि तो सहसा त्याच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांनुसार कंपनीकडून येतो. साहजिकच रिक्रूटरचा, म्हणजे एजन्सीत उमेदवार शोधणाऱ्या माणसाचा, वेळ लवकर भरल्या जाणाऱ्या जागांकडे वळतो. जागा गोठवली गेली, कंपनीतल्याच कोणाची बदली त्या जागी झाली किंवा साहेबांचा विचार बदलला, तर ते कित्येकदा रिक्रूटरलाही कळवले जात नाही. उमेदवाराला फोन न करणे हे सौजन्याला धरून नाही, हे मला मान्य आहे. पण तो उमेदवाराच्या पात्रतेवरचा निकाल नव्हे. याच कारणाने, ज्यांना क्षेत्रच बदलायचे आहे त्यांनी एजन्सीवर फार भिस्त ठेवू नये, असे मी सांगते. कंपनीने लिहून दिलेल्या वर्णनाशी जुळणारा माणूस शोधण्याचेच पैसे एजन्सीला मिळतात. वेगळ्या वाटेने आलेल्या माणसाची बाजू तिथे सहसा कोणी मांडत नाही.

मात्र या बाईंच्या बाबतीत मौनाचे आणखी एक कारण निघाले आणि ते दुरुस्त करता येण्याजोगे होते. एका कंपनीकडे त्यांचा रेझ्युमे दोन वेगवेगळ्या एजन्सींनी पाठवला होता. अशा वेळी उमेदवार निवडला गेला तर मोबदला कोणत्या एजन्सीला द्यायचा, असा वाद उभा राहतो आणि तो टाळण्यासाठी काही कंपन्या त्या उमेदवारालाच बाजूला ठेवतात. बाईंना याची कल्पनाच नव्हती, कारण आपला रेझ्युमे कुठे गेला, हे त्यांनी विचारलेच नव्हते. असे विचारले तर समोरचा माणूस दुखावेल, या भीतीपोटी त्या गप्प राहत होत्या.

म्हणून आम्ही त्यांच्या वहीत एक साधा तक्ता आखला: एजन्सी, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, कंपनी, पद, रेझ्युमे पाठवण्यास होकार दिल्याची तारीख आणि पुढे कधी विचारायचे तो दिवस. बाकीच्यांशी गोड बोलून त्यांनी आपल्या कामाची जाण असलेल्या दोन-तीनच एजन्सी ठेवल्या. मग माझ्यासमोर बसूनच त्यांनी एका रिक्रूटरला फोन लावला. आदल्या वेळी ठरवलेले वाक्य त्यांनी वहीत लिहून आणले होते: "माझा रेझ्युमे कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी कंपनीचे नाव मला कळवा आणि माझा होकार मेलवर घ्या." वाचताना त्यांचा आवाज कापत होता. पलीकडून "हो मॅडम, तसेच करू" एवढेच उत्तर आले. बाईंनी फोन ठेवला आणि विचारले, "झाले एवढेच?"

पैशांची गोष्ट वेगळी नमूद करायला हवी, कारण घाबरलेला माणूस इथेच फसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारातील सातव्या कलमानुसार अशा संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेऊ नये; अपवाद आहेत, पण ते मर्यादित आहेत. सर्व देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, तरीही रीत कोणती असावी हे त्यावरून समजते. नोंदणी, प्रशिक्षण किंवा 'सुरक्षा ठेव' म्हणून नोकरीआधीच पैसे मागणाऱ्यांना पैसे देऊ नका आणि ओळखीची मूळ कागदपत्रेही कोणाच्या स्वाधीन करू नका, असे मी प्रत्येकाला निक्षून सांगते.

काही काळाने बाईंना एजन्सीमार्फत कंत्राटी काम मिळाले. अशा व्यवस्थेत पगार सहसा एजन्सी देते आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या कंपनीत करावे लागते, त्यामुळे सही करण्याआधी काय विचारायचे, यावर आम्ही बराच वेळ घालवला: रजा आणि भविष्य निधी कोणाकडे, कंत्राट मध्येच संपले तर नोटीस किती दिवसांची, आणि त्या कंपनीने पुढे कायम घेण्याचे ठरवले तर आड येणारी एखादी अट करारात आहे का. तशी अट होती. बाईंनी तिच्याबद्दल एजन्सीला लेखी विचारले, त्या अटीची मुदत कमी करून घेतली आणि मगच सही केली. तक्त्याची ती वही त्यांनी अजून बंद केलेली नाही, कारण कंत्राट संपण्याच्या आधीच पुढचा शोध सुरू करायचा, असे त्यांनी ठरवले आहे.